घड्याळ लावून मैलापाणी: 'ऑपरेशन्स चॅलेंज'मध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

आईला फोनवर सांगितलं, की आमच्या प्लांटचा संघ स्पर्धेला चाललाय. तिनं विचारलं, "कसली रे स्पर्धा?" म्हटलं, ड्रेनेजचा पाइप कापून नवा बसवायचा, पंप खोलायचा, मॅनहोलमध्ये पडलेला माणूस वर काढायचा, आणि हे सगळं घड्याळ लावून. पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "म्हणजे एवढं लांब जाऊन शेवटी गटारच का?"

हो, गटारच. मी मूळचा मिरजेचा. गेली काही वर्षं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एका मध्यम आकाराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ऑपरेटर आहे. तीन वर्षं प्लांटच्या संघात खेळलो. पहिलं वर्ष निव्वळ फजितीचं गेलं, दुसरं बरं गेलं आणि तिसऱ्या वर्षी घरी सांगण्यासारखं काहीतरी हाती लागलं. इकडं किंवा कॅनडात प्लांटवर काम करणारं मराठी माणूस अधूनमधून भेटतं आणि 'तुमच्या त्या स्पर्धेचं काय असतं?' असं विचारतं. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो.

आधी थोडक्यात ओळख. वॉटर एन्व्हायर्नमेंट फेडरेशन, बोलीत 'वेफ', ही सांडपाणी क्षेत्रातल्या लोकांची १९२८ सालची संघटना. तिचं वार्षिक अधिवेशन आणि प्रदर्शन म्हणजे 'वेफ्टेक'. अलीकडे ते आलटून पालटून शिकागो आणि न्यू ऑर्लिन्सला भरतं. त्या अवाढव्य हॉलच्या एका भागात, पंप आणि ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रं) विकणाऱ्यांच्या स्टॉलांशेजारी, ऑपरेशन्स चॅलेंज चालते. १९८८ पासून ती होते आहे. संघ चार जणांचा. प्रकार पाच: कलेक्शन सिस्टीम म्हणजे मलवाहिनीचं काम, प्रयोगशाळा, देखभाल म्हणजे पंपाचं काम, सुरक्षा, आणि प्रोसेस कंट्रोल म्हणजे डोक्याचं काम. पाचही प्रकारांचे गुण मिळून निकाल लागतो. तिथं थेट जाता येत नाही. आधी आपल्या राज्याच्या किंवा प्रांताच्या संघटनेची स्पर्धा खेळावी लागते आणि तिथून पुढं पाठवतात.

पायरी १: माणसं जमवण्याआधी नियमपुस्तिका वाचा

आम्ही उलटं केलं. आधी टी-शर्ट छापले.

नियमपुस्तिका दरवर्षी नवी निघते. प्रकार तेच असले, तरी आतलं काम बदलतं: यंदा प्रयोगशाळेत वेगळी चाचणी, पंपाचा वेगळा भाग, सुरक्षेच्या प्रसंगात एखादी जास्तीची पायरी. गेल्या वर्षीची पुस्तिका मित्राकडून मिळाली म्हणून त्यावर सराव सुरू केलात, तर दोन महिने चुकीची सवय अंगात मुरते आणि ती काढायला तिसरा महिना जातो.

पुस्तिका कशी वाचायची, तर मागून. शेवटी दंडांचे तक्ते असतात. बहुतेक प्रकारांत तुम्हाला लागलेला वेळ मोजतात आणि प्रत्येक चुकीचे सेकंद किंवा मिनिटं त्यात मिळवतात. पहिल्या वर्षी पाइपच्या प्रकारात आमच्या घड्याळानं आम्ही झकास वेळ मारली होती. टाळ्याही वाजल्या. मग पंचांनी दंड वाचून दाखवायला सुरुवात केली: एकाचा चष्मा डोळ्यांवर नसून कपाळावर, एकानं हातमोजा काढला, एक हत्यार ठरलेल्या जागी परत ठेवलं नाही, एक क्लॅम्प सैल. यादी संपली तेव्हा आम्ही खालून दुसरे होतो. त्यातली एकही चूक कौशल्याची नव्हती. सगळ्या न वाचल्याच्या.

त्यानंतर आम्ही एक जाडी वही केली. प्रत्येक दंडाला एक ओळ आणि त्यापुढं त्याची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव. 'सर्वांनी काळजी घ्यावी' असं लिहिलेल्या ओळीची काळजी कुणीच घेत नाही, म्हणून नाव हवंच.

पायरी २: चार जण आणि पाचवा

नेहमीची कल्पना अशी, की एक प्रयोगशाळेतला, एक मेकॅनिक, एक लाइनवरचा आणि एक प्लांट ऑपरेटर घ्यावा. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण पाचही प्रकारांत तेच चौघे उतरतात, त्यामुळे प्रत्येकाला सगळ्याला हात लावावा लागतो. मी इथंच फसलो. मी इंजिनिअरिंग शिकलेला. पहिल्या बैठकीतच ऐटीत सांगितलं, की गणित माझ्याकडे, पाइपचं तुम्ही बघा. सरावाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातात करवत दिली, तर पाइप असा तिरका कापला की आमच्या मेकॅनिकनं तो तुकडा शेडच्या दारावर टांगून ठेवला. अजून आहे तिथं. आमच्या संघात करवतीला सगळ्यात सरळ हात निघाला तो प्रयोगशाळेतल्या बाईंचा. त्यामुळे कोण काय करणार, हे पदावरून ठरवू नका. आठ-दहा जणांना दोन संध्याकाळी सगळं करायला लावा, आपोआप कळतं.

निवडताना एक व्यावहारिक गोष्ट बघा, जी कुणी सांगत नाही. चौघेही एकाच शिफ्टचे घेऊ नका. स्पर्धेच्या आठवड्यात ती शिफ्ट चालवायला माणूसच उरत नाही आणि मग मॅनेजर ऐन वेळी एकाला मागं ठेवतो. आम्ही वेगवेगळ्या शिफ्टचे घेतले आणि सराव शिफ्ट बदलायच्या वेळेला ठेवला.

पाचवा माणूस म्हणजे प्रशिक्षक. तो पूर्वी खेळलेला असेल तर उत्तम. नसेल तर निदान तोंडावर दंड सांगणारा हवा. शिवाय एक राखीव खेळाडू तयार असू द्या. कुणाच्या घरी बाळ येतं, कुणाची पाठ धरते.

नावाबद्दल जाता जाता. या स्पर्धेत संघांची नावं म्हणजे एक वेगळंच साहित्य आहे. टेक्सासच्या ट्रिनिटी रिव्हर अथॉरिटीचा नावाजलेला संघ 'ट्रा क्रूझर्स', डोंगराळ कोलोरॅडोचा 'एलेव्हेटेड ऑप्स'. बाकी बहुतेकांच्या नावात गाळावर किंवा शौचालयावर कोटी असते. मी 'गाळ गँग' सुचवलं होतं. सगळ्यांना आवडलं, पण निवेदकाला 'ळ' म्हणता येईना. तो 'गाल गँग' म्हणायला लागल्यावर मी माघार घेतली.

पायरी ३: परवानगी, पैसे, कागद

खर्च प्रवासाचा, हॉटेलचा, सरावाच्या सामानाचा आणि सर्वांत मोठा म्हणजे कामाच्या तासांचा. सराव ड्यूटीत धरणार की स्वतःच्या वेळेत, हे पहिल्याच दिवशी लेखी घ्या. तोंडी 'हो हो, बघू' वर जाऊ नका. तुम्हाला 'बघू'चा अर्थ वेगळा सांगायला नको. साहेबांना पटवायचं असेल तर पदकाची भाषा बोलू नका. या निमित्तानं चार माणसांचं बंदिस्त जागेत उतरण्याचं आणि लॉकआउटचं, म्हणजे यंत्र कुलूप-पाटी लावून बंद ठेवण्याचं, प्रशिक्षण पक्कं होईल, हे सांगा. ते खरंही आहे.

हे कागद एका फाइलमध्ये ठेवा:

- यंदाची नियमपुस्तिका, प्रत्येकाला छापील प्रत
- नोंदणीचा अर्ज आणि शुल्क भरल्याची पावती
- संघटनेच्या सभासदत्वाचे क्रमांक
- ज्यांच्याकडे ऑपरेटरचा परवाना आहे, त्यांच्या परवान्याची प्रत
- जोखीम स्वीकारल्याचा सही केलेला कागद, प्रत्येकाचा वेगळा
- प्लांटचं परवानगीपत्र: तास, विमा, प्रवासखर्च यांच्या उल्लेखासह
- बंदिस्त जागा आणि लॉकआउट-टॅगआउट प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं

नोंदणीची तारीख राज्याच्या स्पर्धेसाठी वेगळी आणि पुढच्या फेरीसाठी वेगळी असते. दोन्ही भिंतीवर लावा.

पायरी ४: सामान

स्पर्धेत कोणतं हत्यार आयोजक देणार आणि कोणतं आपण न्यायचं, हे पुस्तिकेत नेमकं असतं. सरावासाठी मात्र सगळं आपलंच. नवं विकत घेण्याआधी आपल्याच प्लांटच्या अडगळीत फिरा:

- पीव्हीसी पाइपचे भंगारातले तुकडे. लागतात त्याच्या तिप्पट जमवा
- हाताची करवत, जास्तीची पाती, कानस, मार्कर
- रबरी कपलिंग, म्हणजे पाइपच्या सांध्यावर बसणारे जोड, आणि त्यांचे क्लॅम्प, ते आवळायचा पाना
- ट्रायपॉड (तिपाई), विंच (दोर गुंडाळून वर ओढायचं यंत्र), हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), वापरातून काढलेला पण चालू गॅस डिटेक्टर
- बाहुला: जुन्या बॉयलर सूटमध्ये वाळूच्या पिशव्या भरून शिवलेला
- प्रयोगशाळेतल्या बाटल्या, पिपेट, मोजपात्रं
- स्टॉपवॉच दोन, आणि मोबाइल उभा करायला स्टँड

सर्वांत उपयोगी काय, तर शेवटचं. प्रत्येक सरावाचं चित्रीकरण करा आणि त्याच संध्याकाळी बघा. आपण केवढे इकडून तिकडं धावतो, ते बघून लाज वाटते. त्या धावण्यातच सेकंद जातात.

पायरी ५: पाइप

प्रेक्षकांना सर्वांत आवडणारा प्रकार हाच. वाहत्या लाइनचा गळका तुकडा कापून काढायचा आणि नवा बसवायचा, त्याच वेळी संघातल्या एकानं नमुने घेणारं स्वयंचलित यंत्र, म्हणजे सॅम्पलर, सांगितल्याप्रमाणे लावून द्यायचं. आम्ही खेळलो तेव्हा काम असं होतं.

सगळं अवलंबून आहे काप काटकोनात येण्यावर. तिरका काप म्हणजे कपलिंगमध्ये फट आणि फट म्हणजे गळती. माझे वडील पाणीपुरवठ्यात फिटर होते. ते पाइपभोवती सरळ कडेचा जाड कागद गुंडाळायचे. दोन्ही कडा एकमेकींवर बरोबर बसल्या की कागदाच्या कडेनं रेघ मारायची. रेघ आपोआप काटकोनात. लहानपणी मला ते कागद धरायला बसवायचे आणि मी कंटाळायचो. मिरजेत फुकट मिळालेली ही विद्या मी इथं अमेरिकन मेकॅनिकला शिकवली. दारावर टांगलेल्या तुकड्याची थोडी भरपाई झाली.

सरावाचा क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे घड्याळ लावूच नका. फक्त काप. प्रत्येकानं रोज पाच. कडांना कानस मारायची सवय आत्ताच लावा, कारण घाईत तीच सुटते आणि मग रबर कातरलं जातं. मग कपलिंग: आधी एका बाजूला पूर्ण सरकवून ठेवायचं, नवा तुकडा मध्ये बसवायचा, मग सांध्यावर परत ओढायचं. कपलिंग सरकवायला विसरून तुकडा बसवलात, तर सगळं पुन्हा काढावं लागतं. हे प्रत्येक नवा संघ एकदा तरी करतो. सरावात करून घ्या.

बोलण्याचे शब्द ठरवा. हॉलमध्ये घंटा आणि आरोळ्या एवढ्या असतात, की शेजारच्याचं वाक्य कळत नाही. आमचे चारच शब्द होते आणि ते चौघांनी एकाच सुरात म्हणायचे. त्यातला एक मी मराठीतून घुसवला, 'थांब'. तो इंग्रजी गोंगाटात बरोबर वेगळा ऐकू येतो.

सॅम्पलर लावणाऱ्याला 'सोपं काम मिळालं' असं चिडवतात. चिडवू द्या. त्याचं एक बटण चुकलं की बाकी तिघांचा घाम वाया जातो.

पायरी ६: सुरक्षा, म्हणजे मॅनहोलमधला माणूस

इथं मी जरा थांबणार आहे.

प्रसंग साधारण असा: सहकारी मॅनहोलमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये बेशुद्ध पडलाय. संघानं हवा तपासायची, ट्रायपॉड आणि विंच लावायचं, नियमानं आत उतरायचं, त्याला वर काढायचं, मग वीज आणि प्रवाह कुलूप-पाटी लावून बंद करून दुरुस्ती पूर्ण करायची. आत बाहुला असतो. तरी पहिल्या सरावात माझे हात कापत होते. आपल्याकडच्या बातम्या आठवत होत्या. एक उतरला, आला नाही, म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. तुम्हीही वाचल्या असतील.

अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेनं, नायॉशनं, १९८६ सालीच नोंदवून ठेवलंय, की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. आपल्याकडे माणसानं हातानं मैला उपसण्यावर आणि संरक्षणाशिवाय गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई सांगितली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं अजून उतरतायत. म्हणून हा प्रकार खेळ म्हणून शिकू नका.

हवा तपासायचा क्रम पाठ हवा: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये हवा. ज्वलनशील वायू त्याच्या स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांखाली. हायड्रोजन सल्फाइडसाठी डिटेक्टरचा इशारा सहसा १० पीपीएमला (दहा लाख भागांत १० भाग) लावतात. आणि नळी वरती धरून 'ओके' म्हणायचं नाही. वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसतो. सडक्या अंड्याच्या वासावर विश्वास ठेवू नका: १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो.

नवे संघ या प्रकारात इथं अडकतात:

हार्नेसचा एखादा पट्टा उलटा किंवा सैल राहतो. दोघांनी एकमेकांचा हार्नेस तपासायचा आणि तपासला हे हात लावून दाखवायचं. पंचाला दिसलं पाहिजे.

कुलूप लावलं, पण यंत्र खरंच बंद आहे का, हे चालू करून बघितलं नाही. बटण दाबून बघणं हा लॉकआउटचाच भाग आहे. बटण दाबलं, काही हललं नाही, तेव्हा लॉकआउट पूर्ण.

एकाचं कुलूप दुसऱ्यानं काढलं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. प्लांटवर हे सगळ्यांना माहीत असतं. तरी घड्याळ टिकटिकायला लागलं की हात आपोआप जातो.

वर उभा राहणारा पहारेकरी जागा सोडतो. विंच अडकलं, मदत करू, म्हणून दोन पावलं सरकतो. त्याचं काम फक्त बघणं आणि बोलणं. आमच्या संघात ही जागा सर्वांत उत्साही माणसाला दिली होती, ती चूक होती. दुसऱ्या वर्षी सर्वांत शांत माणूस तिथं उभा केला.

या सरावाचा आमच्या रोजच्या कामावर जो परिणाम झाला तो पदकात मोजता येत नाही. पूर्वी पंपिंग स्टेशनवर 'दोन मिनिटांचं तर काम आहे' म्हणून आम्ही झाकण उघडून वाकायचो. आता हात आधी डिटेक्टरकडं जातो.

पायरी ७: प्रयोगशाळा आणि पंप

प्रयोगशाळेची चाचणी वर्षागणिक बदलते, पण हाताची शिस्त तीच. बीओडीच्या (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्या चाचणीच्या) बाटल्या असतील तर ३०० मिलीलिटरची बाटली भरताना बुडबुडा राहता कामा नये, झाकणावर पाण्याची पाळ हवी. निकाल पाच दिवसांनी २० अंशांवर ठेवलेल्या बाटलीतून येतो, तेवढे दिवस स्पर्धेत कोण थांबणार? म्हणून तयार आकडे देतात आणि गणित करायला लावतात. कोणती बाटली धरायची, कोणती टाकायची, हे चटकन कळलं पाहिजे. ऑक्सिजन निदान २ मिलीग्रॅम खर्च झालेला हवा आणि शेवटी निदान १ मिलीग्रॅम उरलेला हवा. यात न बसणारी बाटली बाद. हे नियम भिंतीवर लावून पाठ करा. लिहिताना एकक आणि दशांश सोडू नका. पंच तिथंच बसलेला असतो.

मुख्य सापळा म्हणजे एकटा 'तज्ज्ञ' सगळं करतो आणि तिघे बघत उभे राहतात. काम चौघांत वाटलं तर निम्म्या वेळात होतं. त्यासाठी टेबलावरच्या प्रत्येक वस्तूची जागा ठरवून मार्करनं आखून घ्या. आमच्या बाईंनी टेबलाचा नकाशाच काढला होता आणि तो हलवला तर ओरडा पडायचा.

पंपाबद्दल फार लिहीत नाही. जो मेकॅनिक आहे, त्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं आणि जो नाही, त्यानं मेकॅनिकच्या शेजारी महिनाभर उभं राहावं. एवढंच, की काढलेले नट-बोल्ट ठेवायला एक ताट घ्या आणि काढल्याच्या क्रमानं मांडा.

पायरी ८: प्रोसेस कंट्रोल आणि ते ८.३४

हा प्रकार वेळ लावून सोडवायच्या परीक्षेसारखा असतो: पर्याय निवडायचे प्रश्न, गणितं आणि 'प्लांटमध्ये असं असं दिसतंय, आता काय कराल' छापाचे प्रसंग. आपल्याकडे शिकून आलेल्यांना वाटतं, हा तर आपला हातखंडा. मलाही वाटलं होतं.

अडचण एककांची. आपल्याकडे एमएलडीला, म्हणजे दिवसाच्या दशलक्ष लिटरला, मिलीग्रॅम प्रति लिटरनं गुणलं की थेट किलो येतात. इतकं सोपं, की कधी विचारच केला नाही. इथं प्रवाह दशलक्ष गॅलनमध्ये आणि भार पौंडांत. त्यामुळे मध्ये ८.३४ येतो, म्हणजे एका गॅलन पाण्याचं पौंडातलं वजन. दिवसाला २.५ दशलक्ष गॅलन प्रवाह आणि २०० मिलीग्रॅम बीओडी असेल, तर २.५ × २०० × ८.३४ = ४,१७० पौंड. मी पहिल्या वर्षी दोन गणितांत ८.३४ विसरलो आणि एकात दोनदा गुणलं. दुसरा आकडा ७.४८: एका घनफुटात एवढे गॅलन. टाकीचं आकारमान फुटांत दिलं की हा लागतोच.

मनातल्या मनात मेट्रिकमध्ये सोडवून शेवटी पौंड करायचा शहाणपणा करू नका. मी करून बघितला. वेळ दुप्पट लागतो. त्यांच्याच एककांत विचार करायला शिका आणि मेट्रिकचा उपयोग फक्त उत्तर ताडून बघायला.

हे एवढं झोपेतून उठवलं तरी यायला हवं: एफ-एम गुणोत्तर (टाकीतल्या जिवाणूंच्या मानानं त्यांना किती अन्न मिळतंय), गाळाचं वय, टाकीत पाणी थांबण्याचा काळ आणि एसव्हीआय (गाळ किती चांगला बसतो त्याचा आकडा). एसव्हीआय म्हणजे लिटरभर नमुन्यात अर्ध्या तासात बसलेला गाळ मिलीलिटरमध्ये, गुणिले १,०००, भागिले एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या पाण्यातला तरंगता गाळ, मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये. २४० बसला आणि एमएलएसएस ३,००० असेल तर ८०, गाळ छान बसतोय. नायट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा, दर मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिलीग्रॅम क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) खर्च होते. २५ मिलीग्रॅम घालवायचे तर १७८.५ लागणार. येणाऱ्या पाण्यात तेवढी नसेल तर सामू खाली येणार, ही गोष्ट प्रसंगाच्या प्रश्नांत वेश बदलून हमखास भेटते.

चौघांनी उत्तरं वाटून घ्या, पण प्रत्येक गणित दुसऱ्या कुणीतरी एकदा बघू द्या. ज्याला सूत्र येत नाही, तो चूक पटकन पकडतो: "एवढ्याशा प्लांटमध्ये एवढा गाळ कसा?"

पायरी ९: स्पर्धेच्या आसपास

शेवटच्या दोन आठवड्यांत नवं काही शिकू नका. मुद्दाम गोंगाट लावून सराव करा. आम्ही ब्लोअरच्या खोलीशेजारी उभं राहून करायचो. एकदा एका माणसाला मुद्दाम बाहेर बसवून तिघांनी करून बघा; कोण कशात कच्चा आहे ते उघडं पडतं.

विमानानं जाणार असाल तर सात इंचांपेक्षा लांब हत्यारं केबिनच्या बॅगेत चालत नाहीत. आमचा मोठा पाना विमानतळावर राहिला असता, एकाला परत रांगेत लागून सामानात टाकावा लागला. हत्यारांची पेटी एक दिवस आधी पाठवता आली तर सर्वांत बरं, आणि पेटीच्या झाकणाच्या आत यादी चिकटवा.

पहिल्या दिवशी लवकर पोहोचून दुसऱ्या संघांचे प्रकार बघा. कुणी हाकलत नाही. उलट पंचवीस-तीस वर्षं या क्षेत्रात काढलेली माणसं बोलावून दाखवतात, की क्लॅम्प कुठल्या बाजूनं आवळला तर हात अडत नाही. आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या एका संघानं आम्हाला जास्तीचा पाना दिला होता, प्रकार सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी.

पंचांशी वाद घालायचा असेल तर पुस्तिकेचं पान उघडून, प्रशिक्षकानं, एकदाच. चौघांनी घोळका केला तर दंड जात नाही आणि पुढच्या प्रकाराची तयारी मात्र जाते.

पायरी १०: परत आल्यावर

दंडाचे कागद पंचांकडून बघायला मिळत असतील तर तिथंच फोटो काढून घ्या. नंतर कुणाला नेमकं आठवत नाही आणि प्रत्येकाच्या आठवणीत चूक दुसऱ्याचीच असते. आल्यापासून आठवड्याभरात चौघे आणि प्रशिक्षक एकदा बसा आणि वही दुरुस्त करा.

ज्यांनी तुमच्या शिफ्ट उचलल्या त्यांना जेवण द्या. आम्ही पहिल्या वर्षी विसरलो होतो आणि दुसऱ्या वर्षी शिफ्ट बदलून द्यायला कुणी तयार होईना. मी पुरणपोळ्या करून नेल्या, डबा भरून. त्या संपल्यावर मॅनेजरनंच विचारलं, पुढच्या वर्षीचा अर्ज कधी भरायचाय?